खातं कुणाच्या नावावर?

राजीनाम्याचा मसुदा मुक्ताने मला वाचायला दिला तो इंग्रजी तपासायला. अडतीस वर्षं बँकेत पत्रं लिहिण्यात गेली, तेव्हा "आई, एकदा नजर टाका" म्हणत तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. चारच ओळी होत्या. वैयक्तिक कारणास्तव वगैरे. मी एक स्वल्पविराम घातला, लॅपटॉप मिटला आणि म्हटलं, "हे पाठवू नकोस."

त्यानंतर तीन रात्री आम्ही बोलत होतो. माझा मुलगा प्रसाद आणि मुक्ता यांची इरा साडेसहा महिन्यांची. अकराला दूध पिऊन झोपते आणि दोनच्या सुमाराला उठते. त्या मधल्या वेळात स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायचं आणि आवाज दाबून बोलायचं. भांडण म्हणावं तर आवाज चढवता येत नव्हता, गप्पा म्हणाव्या तर दोघींनाही जिंकायचं होतं. सासू-सून म्हटलं की माझ्या वयाच्या वाचकांना जे दिसतं, त्याच्या हे उलट. इथे सासू म्हणते नोकरी सोडू नकोस आणि सून म्हणते मला घरी राहू द्या. मुक्ताच्या परवानगीनेच लिहिते आहे. तिची अट एकच होती, "माझी वाक्यं कापू नका." फारशी कापलेली नाहीत. माझी थोडी नीटनेटकी केली आहेत; लिहिणाऱ्याला एवढा फायदा असतोच.

मी : खरं सांग, जमत नाही म्हणून सोडतेस की नको वाटतंय म्हणून?

मुक्ता : प्रसादने दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलली, तेव्हा त्याला असं विचारलंत का? पगार किती वाढला, एवढंच विचारलंत. मला इराजवळ राहायचंय, आई. तिचं रांगणं मला पाळणाघराच्या कॅमेऱ्यावर बघायचं नाही. याला कारण लागतं?

मी : कारण लागत नाही. हिशेब लागतो.

मुक्ता : आलात बँकेवर.

मी : येणारच. स्त्रीवाद मी पुस्तकातून शिकलेच नाही, काउंटरवर शिकले. १९८३ साली लागले ती बचत खात्यावर. दुपारी बाराच्या सुमाराला बायका यायच्या. नवऱ्याने सही केलेला चेक मुठीत, रक्कम किती ते त्यांना माहीतही नसायचं. मी नोटा मोजून दिल्या की न मोजता पिशवीत टाकायच्या, कारण मोजणारा घरी होता. आणि नवरा गेल्यावर पासबुक पदरात गुंडाळून यायच्या. खातं त्याच्या एकट्याचं, नॉमिनेशन नाही. मग मी त्यांना सांगायचे, वारसांच्या सह्या आणा, हमीदार आणा, सासऱ्यांची संमती आणा. नियमच होता तो. दिरासमोर हात पसरायला मी त्यांना परत पाठवत होते, तेही छापील फॉर्म देऊन. तेव्हापासून माझा स्त्रीवाद एका ओळीचा आहे. खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी बघायचं.

मुक्ता : माझ्या नावावर खातं आहे, डिमॅट आहे, पीएफ आहे. मी त्या काउंटरवरची बाई नाही.

मी : आज नाहीस.

हे बोलायला नको होतं. नवऱ्याच्या आईने सुनेला 'उद्या काही झालं तर' असं सुचवणं म्हणजे काय, ते तोंडातून गेल्यावर कळलं. मुक्ता उठली, पाण्याचं भांडं भरलं, प्यायली नाही, परत येऊन बसली.

मुक्ता : तुमच्या पिढीला नोकरी म्हणजे मोकळीक वाटते, कारण ते दार तुम्हाला बंद होतं आणि तुम्ही ते ढकलून उघडलंत. मी त्या दारातून सरळ आत गेले. दहा वर्षं आत आहे. आत काय आहे ते मला विचारा ना. रात्री साडेनऊला अमेरिकेचा कॉल. शनिवारी 'फक्त पंधरा मिनिटं'. माझी हुशारी कुणाला नको आहे, मी कोणत्याही क्षणी हाताशी असणं हवं आहे. क्लॉडिया गोल्डिन, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या बाई, त्या अशा नोकऱ्यांना हावऱ्या नोकऱ्या म्हणतात. जितका वेळ द्याल त्याच्या दुप्पट मागणाऱ्या, आणि पैसाही त्यांच्यातच. मूल असलेल्या घरात अशी नोकरी एकालाच करता येते. दुसऱ्याने पडती बाजू घ्यायची.

मी : आणि पडती बाजू तू घेणार. का?

मुक्ता : कारण त्याचा पगार जास्त आहे.

मी : कधीपासून? लग्न झालं तेव्हा तुझा जास्त होता. मला पक्कं आठवतंय, कर्जाच्या अर्जात पहिलं नाव तुझं घातलं होतं.

मुक्ता : या एप्रिलपासून. सहा महिने मी रजेवर होते ना. वर्षाचं मूल्यमापन झालं त्यात मला मधली श्रेणी मिळाली. कुणी वाईट वागलं नाही, आई. मॅनेजर अगदी हळहळून म्हणाला, अर्धं वर्ष काम केलेल्या माणसाला वरची श्रेणी कशी देऊ, बाकीचे विचारतील. वाढ आली चार टक्के. प्रसादला चौदा.

मी : म्हणजे निवड तू केलीच नाहीस. ती एप्रिलमध्ये एका एक्सेल शीटने केली. तू फक्त खाली सही करते आहेस.

मुक्ता : आणि मला इरा आवडते, तिच्याजवळ बसावंसं वाटतं, त्याची किंमत काही नाही? ॲड्रिएन रिच नावाची अमेरिकन कवयित्री होती. आईपणाचा अनुभव वेगळा आणि आईपणाची संस्था वेगळी, हे तिने १९७६ मध्ये पुस्तक लिहून मांडलं. मला पहिला हवा आहे. तुम्ही दुसरीशी भांडताय आणि मार मला बसतोय.

इरा त्या रात्री सव्वालाच उठली. बरं झालं. मला उत्तर सुचत नव्हतं.

दुसऱ्या रात्री सुरुवात तिने केली. दिवसभर मनात घोळवून आली असावी.

मुक्ता : तुम्ही नेहमी म्हणता, 'आम्ही केलंच की.' कसं केलंत ते एकदा नीट सांगा.

मी : तीन महिने रजा. प्रसादचे बाबा पाटबंधारे खात्यात, तेव्हा नाशिकला. सासूबाई गावी, घरदार आणि गुरं सोडून त्यांना येणं शक्य नव्हतं. प्रसादला आमच्याच गल्लीतल्या काकूंच्या पाळणाघरात ठेवायचे. पावणेआठला तिथे सोडायचं आणि डोंबिवलीहून फास्ट गाडी पकडायची. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या बायकांवर पुष्कळ लिहून झालंय. ब्लाउज ओला होऊ नये म्हणून आत रुमालाच्या घड्या घालून उभ्या असणाऱ्या बायकांवर मी तरी काही वाचलं नाही. अकराच्या सुमाराला छाती दगडासारखी व्हायची. मग बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकायचं, बेसिनमध्ये. बाहेर कॅशची रांग ताटकळलेली.

मुक्ता : तेव्हा नर्सिंग ब्रेक नव्हता?

मी : होता ना! १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातच होता. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा. तो कायदा आणि मी एकाच वर्षी जन्मलो, म्हणून त्याची मला जरा आपुलकी आहे. पण माझं बाळ डोंबिवलीला आणि मी फोर्टात. ब्रेक घेऊन कुठे जाऊ? कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गिरणीतली बाई असावी, आवारातच पाळणाघर असलेली.

मुक्ता : २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघर आलं. कंपनीत पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर हवंच, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. आमच्या कंपनीनेही एकाशी करार केलाय, हिंजवडीत. इराला रोज इथून हिंजवडीला नेऊ? दीड तास जायला, दीड तास यायला? ... बरं, ते राहू दे. काकूंना किती द्यायचात?

मी : दीडशे रुपये महिना.

मुक्ता : आणि ताईला?

ताई कोण, हे मला क्षणभर कळलंच नाही.

मुक्ता : प्रसाद सांगतो, पाळणाघर म्हटलं की त्याला काकू आठवतच नाहीत. ताई आठवते. वरणभात भरवणारी, पायावर घेऊन थोपटणारी. कोण होती ती?

मी : काकूंची मुलगी. सात-आठ मुलं एकट्या काकूंना आवरायची नाहीत. सातवीनंतर तिची शाळा सुटली. सकाळी प्रसादला मी तिच्याच हातात द्यायचे. तेरा वर्षांची असेल.

मुक्ता काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी पुटपुटले, माझ्या एकटीचंच मूल नव्हतं तिथे, आम्हा सात-आठ जणींची होती. पण हा बचाव नव्हे, हे बोलतानाच कळत होतं. युनियनच्या मोर्च्यात मी बायकांच्या हक्काच्या घोषणा देत होते आणि संध्याकाळी सातला त्या पोरीच्या कडेवरून मूल उचलून घेत होते. तू शाळेत का जात नाहीस, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती जायला लागली असती, तर माझी दांडी झाली असती. हे तेव्हाही मला कळत होतं. बायकांनी नोकरी करावी की नाही यावर मी आयुष्यभर भाषणं ठोकली. त्या नोकरीखाली कुणाची शाळा पुरली गेली ते माझ्या मुलाने लक्षात ठेवलं आणि माझ्या सुनेने विचारलं.

मुक्ता : मी तुम्हाला दोष देत नाही.

मी : दे. पण मग निष्कर्ष काय काढशील? मी घरी बसायला हवं होतं?

मुक्ता : नाही. पण तुम्ही जे केलंत त्याला 'आम्ही केलंच की' म्हणू नका. आणि आणखी एक. तुम्ही नोकरी केलीत. करिअर नाही केलंत. प्रमोशन किती वेळा नाकारलंत?

मी : दोनदा. ऑफिसर झालं की बदली आलीच. एकदा प्रसाद चौथीत होता, एकदा दहावीत.

मुक्ता : आणि बाबांनी?

मी : त्यांच्या सहा बदल्या झाल्या. एकदाही नाकारली नाही.

निवृत्त झाले तेव्हा मी स्पेशल असिस्टंट होते. म्हणजे क्लार्कांमधली वरची पायरी. माझ्यामागून लागलेले दोघे तोवर मॅनेजर झाले होते, त्यांतला एक मला 'मॅडम' म्हणायचा, जुन्या सवयीने.

यानंतर आमचं बोलणं कायद्यावर गेलं, आणि तिथे मला जरा उभारी आली, कारण ते माझं मैदान. सगळे म्हणतात २०१७ ला बारा आठवड्यांची रजा सव्वीस केली, केवढी प्रगती. आहेच. पण त्या सव्वीस आठवड्यांचा पगार कुणी द्यायचा? कमी पगाराच्या बायकांना ईएसआयच्या विम्यातून मिळतो, बाकी सगळा भार एकट्या मालकावर. सरकार एक पैसा घालत नाही.

मी : १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीकामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं विधेयक आलं होतं. डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यालाही सुटका नाही. असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं झाली, तो सरकारचा वाटा अजून यायचाच आहे. मग मालक काय करतो? तरुण बाई दिसली की खिशाला बसणारी चाट मोजतो.

मुक्ता : मोजतो. मी पाहिलंय. मी मुलाखत घेणाऱ्यांत होते. एक मुलगी, सगळ्यांत चांगली. ती बाहेर गेल्यावर माझ्याबरोबरचा म्हणाला, 'लग्नाला सहा महिने झालेत, आपलं प्रोजेक्ट दीड वर्षाचं आहे.' मी गप्प बसले. तिला घेतलं नाही. तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, मला वाटलं हा व्यवहार आहे.

दोघींनी मिळून एक लिमलेटची गोळी अर्धी अर्धी खाल्ली आणि झोपायला गेलो.

तिसऱ्या रात्री मी जरा तयारीने बसले. ते चुकलंच.

मी : करिअर की मूल, हा प्रश्न पडायलासुद्धा घरात दुसरा पगार लागतो. प्रसादच्या बाबांची बदली पैठणला झाली होती. डिसेंबरच्या सुट्टीत गेले की ऊसतोडीच्या गाड्या दिसायच्या. गाडीखाली फाटक्या धडुत्यावर झोपलेली पोरं. तिथे कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. मुकादम उचल देतो ती जोडीला. बाई एक दिवस आली नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी तरुण बायका. दोन-तीन मुलं झाली की पिशवी काढायची, पाळीची कटकट नको, खाडा नको. तिला विचार, काय निवडलंस.

मुक्ता : हे तुम्ही मला गप्प करायला सांगताय.

मी : नाही गं.

मुक्ता : सांगताय. माझ्या प्रश्नापुढे एक ऊसतोड बाई आणून उभी केलीत की मी लाजून खाली बघायचं. पण तिलाच विचारा ना, तिला काय हवंय. बाळंत झाल्यावर फडात न जाता पोराजवळ बसायला मिळालं तर ती नको म्हणेल? ती फड सोडून बसली तर तुम्ही टाळ्या वाजवाल. मी बसले तर माझा लॅपटॉप मिटता.

हे मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या परिसंवादात नाही, कुठल्या दिवाळी अंकात नाही. चष्मा पुसायला घेतला. जरा वेळाने म्हटलं :

मी : ती बसली तर तिच्या डोक्यावर उचल राहते. आकडा तिला माहीत असतो, मुकादम दारात येतो. तू बसलीस तर तुझी उचल कुणी लिहून ठेवत नाही. ती वीस वर्षांनी वसूल होते. तेव्हा दारात कुणी येत नाही, नुसतं पासबुक उघडतं.

मुक्ता : हे पटतं. पण मग तुम्ही मला नोकरी करायला का सांगता? ती उचल लिहून ठेवा ना. माझ्या नावावर.

तेव्हा मला ते नुसतं चतुर बोलणं वाटलं. लेखाच्या शेवटाला ते मला परत लागणार आहे.

मधे थोडं इकडचं तिकडचं झालं. मुक्ताच्या एका मैत्रिणीला मूलच नको आहे, आणि तिची आई रोज फोनवर रडते. मी सांगितलं, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, आणि ते व त्यांच्या पत्नी मालतीबाई, दोघांनी स्वतःला मूल होऊ दिलं नाही. मैत्रिणीच्या आईला हे सांग. मुक्ता म्हणाली, ती आई म्हणेल, कोण कर्वे?

साडेबाराच्या सुमाराला प्रसाद पाणी प्यायला आला. आम्हाला बघून थबकला.

"चालू आहे अजून? तुम्ही दोघी ठरवा. माझा दोन्हीला पाठिंबा आहे."

बाटली घेऊन गेला. गुणी आहे, माझा मुलगा आहे म्हणून म्हणत नाही. इराचे लंगोट बदलतो, रविवारी पोहे करतो. पण पाठिंबा हा बाहेरून देतात, सरकारला देतात तसा. त्यात खातं घ्यावं लागत नाही.

मुक्ता हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मुक्ता : तीन रात्री झाल्या, आई. तुम्ही मला आंबेडकर सांगितले, ऊसतोड सांगितली, काउंटर सांगितलं. त्याला काय सांगितलंत?

मी : त्याला काय सांगायचं?

आणि मग मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते.

देशाच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये लोकांच्या दिवसाची पाहणी केली होती, कोण किती वेळ कशात घालवतो याची. दिवसभरात काहीही घरकाम करणारे पुरुष शंभरात २६ होते, बायका ८१. जे करत होते त्यांतही बायका रोज २९९ मिनिटं आणि पुरुष ९७. हे आकडे मी महिला दिनाच्या दोन भाषणांत वापरले होते. माझ्या घरात त्यांतला एक पुरुष मी स्वतः वाढवलेला आहे, हे भाषणात आलं नव्हतं. तो दहावीत असताना मी प्रमोशन नाकारलं, ते त्याला कधी सांगितलंही नाही. त्याच्या मनाला लागू नये म्हणून. लागायला हवं होतं.

मी : त्याला रजा किती मिळाली होती इराच्या वेळी?

मुक्ता : पाच दिवस. त्यांतले दोन बारशाला गेले. खासगी कंपनीत बापाला रजा द्या असा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस आहेत. स्वीडनमध्ये दोघांत मिळून ४८० दिवस असतात आणि त्यातले नव्वद बापाचे बापालाच घ्यावे लागतात, नाही घेतले तर बुडतात. माझी मैत्रीण तिथे आहे. ती सांगते, दुपारी बागेत बाबागाड्या ढकलणारे पुरुषच पुरुष.

मी : असं इथे झालं असतं तर राजीनामा दिला असतास?

बराच वेळ गेला. आतून इराने कूस बदलल्याचा आवाज आला.

मुक्ता : माहीत नाही. कदाचित तरीही दिला असता. मला खरंच कंटाळा आलाय त्या कामाचा. पण तेव्हा तो माझा राजीनामा असता. आत्ता त्यातला किती माझा आहे आणि किती एप्रिलचा, ते मलाच सांगता येत नाही.

इतकं खरं बोलणारी सून मला मिळाली आहे. वाद मी हरले असं नाही, आणि जिंकलेही नाही. माझं मत विचाराल तर तिने नोकरी सोडायला नको होती. सहा महिने बिनपगारी रजा मागायची होती, भांडायचं होतं. दोन वर्षांनी परत जाईन म्हणते. परत जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्या कुठल्या पायरीवर परत जातात तेही पाहिलं आहे. पण घरी बसली म्हणून ती स्त्रीवाद हरली, हे मी आता कुणाला म्हणू देणार नाही. ज्या मुलीच्या कडेवर माझं मूल वाढलं तिला मी शाळेबद्दल विचारलं नाही. असले निकाल देणारी मी कोण?

मुक्ताने राजीनामा पाठवला. स्वल्पविराम माझा तसाच ठेवला होता.

त्या रविवारी पोहे झाल्यावर मी प्रसादला टेबलापाशी बसवलं आणि कागद-पेन घेतलं. म्हटलं, मुक्ताच्या पीएफमध्ये दर महिन्याला मूळ पगाराच्या बारा टक्के तिचे पडत होते आणि बारा कंपनीचे. ते आता थांबले. ती इराला सांभाळते आहे ती तुझीही मुलगी आहे, तेव्हा ते चोवीस टक्के यापुढे तू भरायचे. तिच्या मूळ पगारावर, तुझ्या नाही. तिच्या एकटीच्या नावाच्या खात्यात, जिथे तुझी सही चालणार नाही. दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवायचे.

तो म्हणाला, "आई, आमच्यात असं तुझं-माझं नाही."

म्हटलं, ते मला काउंटरवर सगळ्यांनीच सांगितलं होतं.

मुक्ताला ते सुरुवातीला आवडलं नाही. "आईपणाचा पगार लावताय का?" म्हणाली. मी म्हटलं, पगार नाही, उचल लिहून ठेवते आहे. तूच सांगितलं होतंस. प्रसादने हप्त्यांचा हिशेब मांडून पाहिला, अर्धा तास गप्प होता, मग सही केली. हे मोबाइलवरून दोन मिनिटांत होतं, मला ठाऊक आहे. तरी स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचा कागदी फॉर्म मी स्वतः बँकेत नेऊन दिला आणि पोच घेतली. पहिली रक्कम एक तारखेला जमा झाली.